परफॉर्मन्स स्टेशन वॅगनचा सांगाडा ताठ करणे : कोणते ब्रेस कामाचे, कोणते नुसते शोभेचे?

पत्रेवाला (धागाकर्ता)

चासी ब्रेसिंगवर (सांगाडा वाकू-पिळू नये म्हणून बार किंवा पट्ट्या, म्हणजे ब्रेस, लावणे) जी माहिती सापडते ती जवळजवळ सगळी सेडान आणि कूपे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. वॅगनवाले तेच पार्ट उचलतात: पुढे स्ट्रट बार (बॉनेटखाली दोन्ही सस्पेन्शन टॉवर जोडणारा आडवा बार), खाली एक-दोन पाइप. टेलगेटची कुरकुर मात्र होती तशीच राहते. म्हणून हा धागा फक्त वॅगनसाठी. लेगसी जीटी, व्होल्वो ८५० टी५-आर आणि व्ही७० आर, स्टेजिया, ऑडी आरएस, बीएमडब्ल्यू टूरिंग, एएमजी इस्टेट, काहीही चालेल.

आधी मूळ फरक. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीला पत्र्याची भिंत किंवा निदान तिरपे पट्टे असतात आणि त्यांच्या वर मागच्या काचेखालचा आडवा शेल्फ वेल्ड केलेला असतो. या दोघांमुळे मागच्या चाकांच्या वर एक बंद चौकट होते. वॅगनमध्ये दोन्ही नाहीत. सी-पिलरच्या (मागच्या दारामागचा खांब) मागे फरशी, दोन बाजू, छत आणि शेवटी टेलगेटचं मोठं भोक. झाकण काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं पिळून बघा, तोंडाचा चौकोन लगेच तिरका होतो. वॅगनचंही तेच होतं, फक्त मिलिमीटरमध्ये. टेलगेट बंद असलं तरी त्याचा आधार म्हणजे वर दोन बिजागऱ्या, खाली एक लॅच आणि भोवती रबर. त्यातून फारसा भार जात नाही.

लक्षणं ओळखीची आहेत. एक चाक फुटपाथवर चढवून गाडी उभी केली की टेलगेट जड लागतं किंवा लॅच दोनदा ‘टक’ करतो. तिरक्या गतिरोधकावर डी-पिलरचं (टेलगेटशेजारचा शेवटचा खांब) प्लास्टिक बोलतं. जुन्या गाडीत टेलगेटच्या वरच्या कोपऱ्यांतल्या सीलरला बारीक चिरा दिसतात. सस्पेन्शन कडक केलं की हे सगळं वाढतं, कारण स्प्रिंग आणि बॉडी या एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगाच आहेत. स्प्रिंग दुप्पट कडक केली की बॉडीच्या वाट्याला येणारं वाकणं-पिळणं वाढतं. मागचा अँटिरोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा) जाड केला आणि गाडी तरीही अपेक्षेइतकी वळत नसेल, तर त्या बारचं काम अर्धवट बॉडीच्या पिळात जिरतंय असं समजा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. वॅगनला पहिला पैसा मागे आणि सबफ्रेमच्या (सस्पेन्शनचे आर्म धरणारी, बॉडीला बोल्टने जोडलेली चौकट) जोडांवर घालावा. बॉनेटखालचा चकचकीत बार शेवटी.

अर्धा_क्लच

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या (डँपर आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात) गाडीत वळणावर टायरचा आडवा भार स्ट्रटच्या डोक्यावर थेट येतो. दोन्ही टॉवर (स्ट्रटचं डोकं बसतं ते पत्र्याचे उंचवटे) फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) त्रिकोणात बांधले की स्टिअरिंगमधला फरक जाणवतो, आणि तो वॅगन-सेडान दोघींना सारखाच.

गणिती_गॅरेज

फायरवॉलपर्यंत त्रिकोण असेल तर जाणवतो, मान्य. नुसता टॉवर ते टॉवर आडवा बार असेल तर तो फक्त दोन टॉवरमधलं अंतर राखतो. दोन्ही टॉवर एकाच दिशेला झुकले तर तोही त्यांच्याबरोबर झुकतो.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पाइपच्या टोकांची. आकडे मांडतो. बाहेरून २५ मिमी, भिंत २ मिमी, स्टीलचा सरळ पाइप, लांबी १ मीटर. छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १४४ चौरस मिमी. ओढ-दाबाची ताठरता सुमारे २९,६०० न्यूटन प्रति मिमी. म्हणजे एक मिमी दाबायला साधारण तीन टन लागतील.

आता त्याच्या टोकाचं ब्रॅकेट बघू. ४ मिमी पट्टी, ५० मिमी रुंद, बोल्टपासून पाइपच्या अक्षापर्यंत ४० मिमी बाहेर आलेली. ही पट्टी वाकते आणि तिची ताठरता येते सुमारे २,५६० न्यूटन प्रति मिमी. दोन्ही टोकांना अशी पट्टी असेल तर अख्ख्या बारची ताठरता उरते १,२३० च्या आसपास. पाइपची ताकद चार टक्केच वापरली गेली. अशा बारमध्ये पाइप २ मिमीचा घ्या नाहीतर ४ मिमीचा, काही फरक पडत नाही.

पट्टी ६ मिमीची केली तर जाडीच्या घनाच्या हिशेबाने ती ३.४ पट ताठ होते. दोन्ही कडांना त्रिकोणी फासळी वेल्ड केली तर त्याहून कितीतरी जास्त. पार्ट घेताना आधी ब्रॅकेट बघा. पेटीसारखा बंद आकार, फासळी, आणि बोल्ट पाइपच्या रेषेत किंवा रेषेच्या दोन्ही बाजूंना. हे असेल तर पुढे किंमत विचारा.

दुसरा सापळा म्हणजे वाकवलेला पाइप. एक्झॉस्ट किंवा डिफरन्शियल चुकवण्यासाठी मध्ये ५० मिमीचा पोक काढलेला असतो. वरचाच पाइप मध्यभागी ५० मिमी बाहेर गेला की तो दाबाखाली आणखी वाकतो आणि ताठरता २९,६०० वरून २,२०० च्या घरात येते. वळण घ्यावंच लागलं तर पाइपाऐवजी रुंद पेटीचा छेद हवा, किंवा वळणाच्या जागी तिसरा आधार.

लांब_डिकी

अॅल्युमिनियमचे बार हलके म्हणून विकतात. ते कसे?

गणिती_गॅरेज

अॅल्युमिनियमची लवचीकता गुणांक सुमारे ७० गिगापास्कल, स्टीलची २०५. त्याच आकाराचा अॅल्युमिनियमचा बार तिपटीने मऊ. छेद मोठा करायला जागा असेल, जसा जाड लंबगोल नळीचा बार, तर हिशेब जमतो. स्टीलच्याच मापाचा अॅल्युमिनियम बार असेल तर वजन गेलं आणि कामही गेलं. शिवाय स्टीलच्या बॉडीला लागतो तिथे मध्ये रंगाचा थर किंवा नायलॉनचा वॉशर नसेल तर गंज लवकर धरतो. तळाशी तर हमखास.

बुशमास्तर

पत्रेवाल्यांना माझं अनुमोदन, आणि त्यांच्यापेक्षा एक पाऊल मागे जाऊन म्हणतो: ब्रेसच्याही आधी बुश (जोडांमधले रबरी तुकडे).

बऱ्याच वॅगनमध्ये डिकीची फरशी सपाट आणि रुंद ठेवण्यासाठी मागचा डँपर आणि स्प्रिंग वेगळे केलेले असतात. डँपर तिरपा, स्प्रिंग खालच्या आर्मवर. लेगसीत तिसऱ्या पिढीपासून (१९९८) मागे स्ट्रट जाऊन मल्टिलिंक (चाक अनेक आर्मनी धरणारी रचना) आली. बीएमडब्ल्यू ई६१ (५ सिरीज टूरिंग) आणि मर्सिडीज एस२११ (ई-क्लास इस्टेट) मध्ये मागे एअर स्प्रिंग. अशा रचनेत आडवा भार येतो सबफ्रेममधून, डँपरच्या डोक्यावर फक्त उभा भार. मग डिकीत दोन डँपर माउंटच्या मध्ये बार टाकून त्याला ‘रिअर स्ट्रट बार’ म्हणायचं, तर तो काय धरणार?

खरी हालचाल सबफ्रेमच्या रबर बुशमध्ये आहे. क्रमाने सांगतो.

एक, बुश जुने असतील तर नवे मूळ रबर. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दोन, रबरातल्या पोकळ्या भरणारे पॉलियुरेथेनचे इन्सर्ट. रोजच्या गाडीला हेच पुरेसं. ८५० आणि पहिल्या व्ही७० मध्ये पुढच्या सबफ्रेमच्या इन्सर्टने पूर्ण थ्रॉटलवरची पुढच्या भागाची चुळबुळ कमी होते.

तीन, बोल्ट आणि भोक यांच्यातली मोकळीक भरणाऱ्या अॅल्युमिनियमच्या कॉलर रिंगा. सबफ्रेम बॉडीला धातूवर धातू टेकते तिथे या छान काम करतात. जिथे मध्ये जाड रबर आहे तिथे फक्त सबफ्रेम मधोमध बसते, ताठरता वाढत नाही.

चार, पूर्ण घन अॅल्युमिनियम बुश. यानंतर सबफ्रेम ही बॉडीचीच एक आडवी तुळई बनते, आणि पिळाच्या ताठरतेत खरी भर पडते. किंमत मात्र आवाजात मोजावी लागते. सेडानमध्ये डिकी बंद असते, वॅगनमध्ये डिफरन्शियलची घरघर थेट कानात. सर्किटवरच्या गाडीला ठीक, लांबच्या प्रवासाच्या गाडीला नको.

सबफ्रेम खाली घेतली की मूळ बोल्ट परत वापरायचे का ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच ठिकाणी ते एकदाच वापरायचे असतात. ‘अमुक टॉर्क, मग अमुक अंश’ असं लिहिलेलं असेल तर नवे आणा. आणि नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट. मागचा टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) सबफ्रेम दोन मिमी सरकली तरी बिघडतो.

टॉर्क_पाना

बसवण्याबद्दल लिहितो, कारण चांगला पार्ट चुकीच्या पद्धतीने बसवला की तो बॉडीलाच वाकडं धरून ठेवतो.

गाडी चारही चाकांवर, सपाट जागी. तळाचे ब्रेस असतील तर चाकांवर उभी राहणारी चार खांबी लिफ्ट किंवा चढवायचे रॅम्प. दोन खांबी लिफ्टवर गाडी मधल्या चार बिंदूंवर लटकते, पुढचा आणि मागचा भाग खाली झुकतो. त्या अवस्थेत ब्रेस आवळला की खाली उतरवल्यावर त्यात कायमचा ताण. वॅगनचा मागचा भाग लांब आणि जड, त्यामुळे तिथे हे जास्त. दोन खांबीच उपलब्ध असेल तर बोल्ट हाताने लावा, गाडी खाली घ्या, दोन-चारदा पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या, मग शेवटचा टॉर्क.

सगळे बोल्ट आधी हाताने सुरू झाले पाहिजेत. एखादा बोल्ट ओढून-ताणून बसवावा लागत असेल तर ब्रेस वाकडा आहे किंवा बॉडी. रॉड फिरवून लांबी जुळवायचा बार असेल तर दोन्ही टोकं मोकळी लागेपर्यंत जुळवा, मग लॉकनट. ‘थोडा ताण देऊन ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. सुबारूच्या एसटीआयच्या ड्रॉ स्टिफनरमध्ये ताण मुद्दाम दिलेला असतो, पण त्यासाठी त्यात मोजून बसवलेली स्प्रिंग आहे. साध्या बारला अंदाजाने ताण देऊ नका.

मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तेव्हाचे नेहमीचे टॉर्क, कोरड्या झिंक बोल्टसाठी: एम८ ग्रेड ८.८ ला २५ न्यूटन मीटर, एम१० ग्रेड ८.८ ला ४८ ते ५०, एम१० ग्रेड १०.९ ला ७० च्या आसपास, एम१२ ग्रेड ८.८ ला ८५, एम१२ ग्रेड १०.९ ला १२०. आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावली असेल तर हेच आकडे जास्त होतात, बोल्ट ताणला जातो.

मूळ बोल्टच्या डोक्याखाली ब्रॅकेट घालताय म्हणजे ४-६ मिमी आटे कमी झाले. स्टीलच्या नटमध्ये किमान बोल्टच्या व्यासाइतके आटे अडकले पाहिजेत, अॅल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट. नाहीतर लांब बोल्ट, त्याच ग्रेडचा.

आणि पावडर कोटिंग. ब्रॅकेट जिथे बॉडीला टेकतं आणि जिथे बोल्टचं डोकं बसतं, तिथली पावडर खरवडून पातळ प्रायमर मारा. जाड पावडर दाबाखाली हळूहळू बसते आणि बोल्टचा ताण निघून जातो. ब्रेस ‘टक टक’ करायला लागला की नव्वद टक्के वेळा कारण हेच. ५०० किमीला एकदा टॉर्क तपासा, नंतर बोल्ट आणि ब्रॅकेटवर रंगाची रेघ ओढून ठेवा.

लांब_डिकी

मागच्या भोकासाठी नेमकं काय लावायचं? बाजारात चाकांच्या कमानींमधला आडवा बार, सीटमागचा एक्स आणि तळाचा रेल ते रेल बार, तिन्ही मिळतात.

पत्रेवाला (धागाकर्ता)

चौकोन तिरका होतो हे लक्षात ठेवा म्हणजे उत्तर मिळतं. चौकोनाच्या बाजूंची लांबी तिरका होताना बदलत नाही, कर्णांची बदलते. म्हणून एका बाजूला समांतर टाकलेला बार पिळाच्या बाबतीत जवळजवळ काहीच करत नाही. कर्ण हवा, किंवा कोपरे ताठ हवेत.

कमानींमधला आडवा बार : मागे स्ट्रट किंवा कॉइलओव्हर (डँपरभोवतीच स्प्रिंग) टॉवर असेल तरच, आणि तोही टॉवरच्या डोक्याला जोडलेला. फरशीवर सामान बांधायच्या कड्यांच्या बोल्टवर बसणारे बार मिळतात, ते टाळा. त्या कड्या सामान वर उडू नये म्हणून आहेत. बऱ्याच गाड्यांत त्यांच्यामागे पातळ फरशी आणि छोटी पट्टी एवढंच असतं.

सीटमागचा एक्स : सर्वांत कामाचा. वरची टोकं सी-पिलरच्या मजबूत भागाला, खालची कमानी आणि फरशीच्या सांध्याला. मधला सांधा घट्ट वेल्ड केलेला हवा. मध्ये पिन असेल तर प्रत्येक पाय सुटा वागतो. काढता येणारा घेतला तर बोल्ट दोन-दोन हवेत, एका बोल्टवर तो बिजागरीसारखा फिरतो. मागे माणसं बसणार असतील तर डोक्याच्या उंचीला उघडा पाइप नको.

डी-पिलरचे खालचे कोपरे : हा पर्याय फार कमी लोक वापरतात आणि डिकीची जागा जात नाही. आतलं प्लास्टिक काढलं की फरशीची मागची आडवी पेटी आणि डी-पिलरचं मूळ दिसतं. तिथे ३ मिमी पत्र्याचे १२० ते १५० मिमी पायांचे त्रिकोण, कडा दुमडलेल्या, वेल्ड किंवा बोल्ट आणि चिकट इपॉक्सीने. कोपरा ताठ झाला की चौकट तिरकी व्हायला विरोध करते.

तळाचा रेल ते रेल बार : मागच्या टो-हुकजवळ दोन रेल बांधतो. एकटा फारसा नाही, पण मागच्या सबफ्रेमच्या मागच्या दोन बोल्टपासून तिरके पाय घेऊन आला तर त्रिकोण बनतो आणि काम करतो.

यातलं काहीच करायचं नसेल तरी टेलगेटचे रबरी स्टॉप आणि बाजूचे पाचर-तुकडे जुळवून घ्या. टेलगेट बंद करताना शेवटच्या २-३ मिमीत दोन्ही बाजूंना सारखा दाब यायला हवा. रबरावर खडूची पावडर लावून बंद करा, ठसा दोन्हीकडे सारखा उमटला पाहिजे. कुरकुरीचा मोठा हिस्सा इथेच संपतो, आणि खर्च जवळपास शून्य.

अर्धा_क्लच

१९९४ ला ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये ८५० इस्टेटच धावली होती. म्हणजे वॅगनची बॉडी एवढी वाईट नसावी.

पत्रेवाला (धागाकर्ता)

त्या गाडीच्या आत वेल्ड केलेला पूर्ण रोलकेज होता. ताठरता केजची, बॉडी म्हणजे वरचं कातडं. रस्त्यावरच्या गाडीशी तुलना नको.

वेल्डिंगची_ठिणगी

वेल्डिंगवर कोणी बोललं नाही म्हणून.

कारखान्यात सांध्यांवर स्पॉट वेल्ड साधारण ४० ते ५० मिमी अंतराने असतात. त्यांच्या मधे २०-२५ मिमीचे टाके मारले की सांधा खूप ताठ होतो. बोल्टच्या ब्रेसपेक्षा हे प्रभावी, पण परत फिरण्याची सोय नाही. वॅगनमध्ये टाके मारण्याच्या जागा : टेलगेटच्या भोकाची पूर्ण कड, मागच्या कमानींच्या आतल्या-बाहेरच्या पत्र्याचा सांधा, डँपर माउंटची मुळं. मिग, ०.८ मिमी वायर, कमी करंट. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, थंड होऊ देत. सलग ओढलं तर चौकट आक्रसते आणि टेलगेट बसेनासं होतं. ते परत सरळ करणं टाके मारण्यापेक्षा दहापट काम.

बी-पिलर (दोन दारांमधला खांब), सिल (दारांखालची पेटी) आणि छताच्या कडांमध्ये नव्या गाड्यांत गरम दाबून घडवलेलं बोरॉन स्टील असतं. उष्णतेने त्याची ताकद वेल्डभोवती कमी होते आणि अपघातात तो भाग तिथेच दुमडतो. तिथे वेल्ड नाही, ड्रिल नाही. निर्मात्याच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये कोणता भाग कोणत्या स्टीलचा याचे रंगीत नकाशे असतात, आधी ते.

वेल्डच्या आधी बॅटरी सोडा, एअरबॅगचं कंट्रोल युनिट अनप्लग करा, मागे काम असेल तर इंधनाची टाकी आणि भरण्याची नळी खाली उतरवा. डांबरी चादर आणि पोकळीतलं मेण पेट घेतात, तेही पत्र्याच्या मागच्या बाजूला, जिथे दिसत नाही. वेल्डिंग संपल्यावर तासभर गाडीजवळून हलू नका.

बीएमडब्ल्यू ई४६ (३ सिरीज) टूरिंग चालवणाऱ्यांसाठी वेगळं. या मालिकेत मागच्या सबफ्रेमचे माउंट ज्या फरशीच्या पत्र्यात आहेत तो पत्रा फाटतो. पॉवर वाढवली नसली तरी फाटतो, कारण गिअर टाकताना आणि सोडताना उलट-सुलट भार तिथेच येतो. ब्रेसचा विचार नंतर. सबफ्रेम उतरवा, चारही माउंटभोवतीचं अंडरसील पूर्ण खरवडा, लाल डाय (चिरेत शिरणारा रंग) आणि तो बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारून चिरा बघा. नुसत्या डोळ्यांना रंगाखालची चीर दिसत नाही. चिरेच्या टोकाला ३ मिमी भोक, मग चीर वेल्ड, वर आकार दिलेली प्लेट, कडांना टाके आणि मध्ये भोकांतून प्लग वेल्ड. शेवटी इपॉक्सी प्रायमर, सीलर, आतून मेण. फाटक्या पत्र्यावर घन बुश बसवले तर फाटणं वेगाने पुढे जातं.

बुशमास्तर

वेल्ड न करता भोक पाडून बोल्ट मारणाऱ्यांनाही दोन गोष्टी. पेटीच्या छेदातून आरपार बोल्ट मारला आणि आत नळी टाकली नाही, तर आवळताना पेटी चेपते आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. आत बरोबर मापाची स्टीलची नळी घाला. आणि मागच्या बाजूला ३ मिमीची पाठीची प्लेट, कोपरे गोल केलेले. वॉशर पुरत नाही, ०.८ मिमी पत्र्यातून तो खेचून निघतो. रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखे दाबून बसवायचे नट) तर ब्रेससाठी वापरूच नका, ते ट्रिम आणि वायरिंगच्या क्लिपांसाठी आहेत.

लांब_डिकी

डी-पिलरमध्ये दोन घटकांचा कडक पॉलियुरेथेन फोम भरायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. करावा का?

वेल्डिंगची_ठिणगी

वॅगनमध्ये तरी नको. डी-पिलर रिकामा नसतो. सनरूफच्या पाण्याची मागची नळी, टेलगेटच्या वायरिंगचा जुडगा, बऱ्याच गाड्यांत कर्टन एअरबॅगचा भाग, आणि खाली बंपरमागे केबिनची हवा बाहेर जाणारी झडप. फोम फुगतो तेव्हा नळी चेपतो, मग पाणी डिकीत. शिवाय फोमच्या कडेला ओल अडकते आणि पत्रा आतून गंजतो. पुढे कधी तिथे वेल्ड करायची वेळ आली तर फोम जळतो आणि धूर विषारी. सिलच्या बंद पोकळीत, पाणी निघायची भोकं मोकळी ठेवून, इतपत चालेल. पिलरमध्ये नाही.

अर्धा_क्लच

यामाहाचे परफॉर्मन्स डँपर? ते बॉडीला ताठ करतच नाहीत म्हणे.

गणिती_गॅरेज

करत नाहीत, आणि तसा दावाही नाही. ते बॉडीच्या मिलिमीटरच्या अंशातल्या थरथरीला विरोध करणारे गॅसचे डँपर आहेत. बॉडी वाकते तेवढीच वाकते, पण परत येताना थरथरत नाही. वॅगनमध्ये मागच्या बाजूची घुमी घरघर कमी होते, लांबच्या प्रवासात थकवा कमी. लॅप टाइमसाठी घेत असाल तर पैसे टायरवर घाला.

ऑडीच्या आरएस६ मधलं डायनॅमिक राइड कंट्रोल (२००२ ची सी५ पिढी) याच्यात मिसळू नका. ते कर्णरेषेतले सस्पेन्शन डँपर तेलाच्या नळीने जोडतं. बॉडीच्या पिळाशी त्याचा संबंध नाही.

आता मोजायचं कसं, कारण ‘जाणवलं’ यावर धागा चालवू नये. साधी चाचणी : गाडी सपाट, टायरचा दाब आणि इंधन दोन्ही वेळी सारखं, डिकी रिकामी. टेलगेट उघडा. भोकाचे दोन्ही कर्ण मोजा. मोजपट्टीने नाही, तिचं लोंबणंच फरकापेक्षा जास्त असतं. एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्या, टोकाला गोल बिंदू, मध्ये डायल गेज. मग पुढच्या उजव्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून पुढचं चाक जमिनीपासून ठरावीक उंचीवर, समजा ५० मिमी, आणि स्टँड खाली. परत कर्ण मोजा. एक कर्ण वाढतो, दुसरा घटतो; अधिक-उणे न धरता दोन्ही बदलांची बेरीज हा तुमचा आकडा. ब्रेस लावून तीच उंची, तोच पॉइंट, परत. तीनदा करा. तीन वाचनांतला आपापसातला फरक ब्रेसच्या फरकाएवढा असेल तर ब्रेसने काही केलेलं नाही. गाडी जॅकवर असताना खाली जायचं नाही, मोजायलाही नाही.

जास्त नेमकं हवं असेल तर मागचा भाग स्टँडवर बांधून पुढे मधोमध टेकू आणि त्यावर तुळई, एका टोकाला वजन. उदाहरणादाखल बॉडीची ताठरता १२,००० न्यूटन मीटर प्रति अंश धरा आणि २,००० न्यूटन मीटर पीळ द्या. पीळ येतो ०.१६७ अंश, १,२०० मिमी रुंदीवर दोन टोकांत ३.५ मिमी फरक. ताठरता दहा टक्क्यांनी वाढली तर तोच फरक ३.२ मिमी. म्हणजे तुम्ही ०.३ मिमी शोधताय. मोजपट्टी का नको ते यावरून कळेल.

टॉर्क_पाना

सुरक्षिततेचे मुद्दे सुटू नयेत. सीटबेल्टच्या बोल्टवर ब्रेसचं ब्रॅकेट चढवू नका. तो बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची वीस आट्यांचा असतो, मेट्रिक बोल्ट त्यात जबरदस्तीने घातला की आटे गेले. आणि मध्ये ब्रॅकेट आलं की बेल्टची पट्टी मोकळी फिरत नाही.

पुढच्या दोन रेलची टोकं चुरगळण्यासाठी बनवलेली असतात. रेलच्या टोकापासून सबफ्रेमपर्यंत सलग जाड पाइप टाकला तर चुरगळायची जागा कमी होते आणि एअरबॅगच्या सेन्सरला धडक वेगळी दिसते. ब्रेस सबफ्रेमच्या मागे ठेवा. कर्टन एअरबॅग जिथून उलगडते तिथे वरच्या सी-पिलरमध्ये ब्रॅकेट नको.

तळाचा ब्रेस सबफ्रेमच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या खाली येता कामा नये, एक्झॉस्टपासून २० मिमी तरी दूर. गरम झाल्यावर एक्झॉस्ट लांब होतो आणि मागे सरकतो, थंड असताना बघितलेलं अंतर खरं नाही.

व्ही७० आरच्या (२००३ ते २००७) मालकांना वेगळी सूचना : त्या पिढीत इंजिनचा वरचा टॉर्क माउंट दोन टॉवरमधल्या मूळ आडव्या बारलाच बसतो. तो काढून बाजारातला हलका बार लावला आणि त्याला माउंटचं ब्रॅकेट नसलं, तर इंजिन प्रत्येक गिअरला डोलतं आणि खालचे माउंट लवकर जातात.

लांब_डिकी

लेगसी बीपी (चौथ्या पिढीची वॅगन) २.० जीटी, कॉइलओव्हर आणि मागचा जाड अँटिरोल बार आधीच आहेत. रोजची गाडी, महिन्यातून एकदा सर्किट, मागे सामान नेहमीचं. क्रम काय धरू?

पत्रेवाला (धागाकर्ता)

टेलगेटचे स्टॉप जुळवा आणि कर्णांचं पहिलं वाचन घेऊन ठेवा. मग मागच्या सबफ्रेमचे बुश बघा, थकलेले असतील तर इन्सर्टसह नवे, सोबत अलाइनमेंट. त्यानंतर मागच्या सबफ्रेमच्या मागच्या बोल्टपासून तिरक्या पायांचा तळाचा ब्रेस. डी-पिलरच्या कोपऱ्यांचे त्रिकोण चौथे, बोल्ट आणि इपॉक्सीने, वेल्ड नको. एक्स सर्किटच्या दिवशीच, काढता येणारा. पुढचा बार घ्यायचाच असेल तर मध्ये पिलोबॉलचा (गोळ्यावर फिरणारा धातूचा) सांधा असलेला फ्लेक्सिबल टॉवर बार. तो आडवा भार धरतो आणि उभ्या हालचालीत मोकळा राहतो, त्यामुळे खराब रस्त्यावर पुढचा भाग आपटत नाही.

प्रत्येक टप्प्यानंतर वाचन. दोन गोष्टी एकदम बसवल्या तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

बुशमास्तर

आणि बीपीचे बुश काढायला सबफ्रेम पूर्ण उतरवावी लागली तर ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकची केबल आधी सोडा, एबीएसच्या वायरींना क्लिपातून मोकळं करा. सबफ्रेम खाली येताना त्या वायरी ताणल्या की सेन्सरचा दिवा लागतो आणि मग दोष ब्रेसवर येतो.